तारणहारांचा माईक

हो, बरोबर ऐकलंत भाऊ, तो मीच — प्रेमराज साऊंड सर्व्हिसवाला. नानासाहेबांचा माईक भर सभेत... म्हणजे सभा नव्हती ती, नाताळची आराधना होती आमची — पण बंद पडला हे खरं. बसा ना, तो भोंगा सरकवा बाजूला. काल जामनेरचं एक गिऱ्हाईक आलं, वायर न्यायला, तर म्हणे, तुमच्याबरोबर एक फोटो काढू का? काढला मग. आपण कशाला नाही म्हणायचं! तुम्ही दुसऱ्या पक्षाचे, तुम्हाला तर जास्तच मजा वाटली असेल, नाही? वाटणारच. पण नीट ऐका, बाहेर लोक वाट्टेल ते मीठमसाला लावून सांगतात.

आमचं चर्च म्हणजे काय, मोठी घंटा-बिंटा नाही, पिंप्राळ्यातला साधा हॉल, वर पत्रे, समोरच्या भिंतीवर लाकडी क्रूस आणि त्या दिवशी दारात लावलेला लुकलुकणारा तारा. साऊंड माझंच — देवाच्या घरी मी भाडं घेत नाही, ते जाऊ द्या. सगळी मंडळी नवे कपडे घालून बसलेली, पाळकसाहेब पुस्तक उघडून उभे, आणि तेवढ्यात हा भटू. भटू ओळखता ना? नानासाहेबांना शिंक आली की नाक पुसतो तो. म्हणे, नानासाहेब नाताळच्या शुभेच्छा द्यायला येताहेत, तोवर सुरू करू नका. आता निवडणूक तोंडावर, आणि खोटं कशाला बोलू — माझ्या दुकानाची निम्मी चूल नानासाहेबांवर पेटते. नळाचं उद्घाटन असो, कबड्डी असो, कुणाचा दशक्रिया विधी असो, भाषण त्यांचं आणि भोंगे माझे. म्हणून मीच म्हटलं, पाळकसाहेब, थांबू या ना जरा. पाळकसाहेब मऊ माणूस, थांबले. लेकरं रडायला लागली, मागे जेवणाचा रस्सा गार व्हायला लागला, नानासाहेबांचा पत्ता नाही. शेवटी चारुलता उठली — बायको हो माझी — आणि म्हणाली, ‘पाळकसाहेब, ज्याचा वाढदिवस आहे तो आलेला आहे. करा सुरू.’

केलं सुरू. आणि बरोबर प्रार्थनेच्या मध्यात बाहेर फटाक्यांची माळ! ‘नानासाहेब, आगे बढो!’ — आमचं आमेन राहिलं घशातच. नानासाहेब आत आले, पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात हा एवढा हार. आमच्या भिकुबाई, धुळ्याकडच्या, बोलणं अहिराणी, नजर कमी आणि आवाज मोठा — त्यांनी विचारलं, ‘हाऊ कोण शे? नवरदेव शे का?’ पोरं फिस्सकन हसली. भटूचं लक्षच नव्हतं, तो खिळा शोधत होता. फ्लेक्स आणलेला ना, नानासाहेब हात जोडून उभे, आणि लावला कुठे तर थेट समोरच्या भिंतीवर! मी बघतो, क्रूस गेला कुठे? तर नानासाहेबांच्या कपाळामागे.

बरं, तेही गिळलं आम्ही. सण आहे, पाहुणे आहेत. मग भटूने माईक हातात घेतला — ‘गोरगरिबांचे कैवारी! पिंप्राळ्याचे भाग्यविधाते! आणि तुम्हा-आम्हा सर्वांचे तारणहार —’ आणि खट्.

आता तुम्हीच सांगा भाऊ, काय चुकलं? वाघ म्हण, सिंह म्हण, ढाण्या म्हण, जंगलातलं काय उरलं असेल ते म्हण. पण तारणहार म्हण, तारणारा म्हण, तो शब्द आमच्या घरातला आहे. तो आम्ही एकालाच लावतो. अधिकाऱ्यांना मान द्या, त्यांच्यासाठी प्रार्थना करा, हे आमच्या शास्त्रातच आहे, आम्ही दर रविवारी करतो, दिल्लीपासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळ्यांसाठी. पण मान वेगळा आणि गुडघे वेगळे. म्हणून मी — म्हणजे हात गेला बटणावर, आणि... कुणाचा म्हणजे? मशीन माझं आहे ना? मी कुठे होतो? मी जरा दाराकडे होतो. नानासाहेबांच्या चपला सरळ करत. अहो, वाटेत होत्या, म्हातारं माणूस अडखळलं असतं! तुम्ही हसू नका.

तर भटू माईकवर टिचक्या मारतोय, हॅलो, हॅलो — काही नाही. नानासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आपलं म्हटलं, लाईट गेली असेल साहेब. आणि दारातला तारा लेकाचा माझ्या डोक्यावर लाल-हिरवा, लाल-हिरवा! भिकुबाईंना एरवी दिसत नाही, तेव्हा बरं दिसलं — ‘तारा चालू शे, बठ्ठं चालू शे भाऊ, तुम्हनाच आवाज बंद शे!’

भटू माझ्यावर धावून यायच्या बेतात. तेवढ्यात चारुलता मशीनपाशी उभी राहिली — बोट अजून बटणावरच होतं तिचं — हो हो, तिचं! झालं समाधान? — म्हणाली, ‘नानासाहेब, बटण मी बंद केलंय, त्यांना काही बोलू नका. तुम्ही आमचा रस्ता केला, नळ आणला, आम्ही विसरलो नाही. पण तारणारा व्हायचं म्हणजे आधी आमच्यासाठी मरावं लागतं. तेवढं नका करू. पाहुणे म्हणून बसा. आम्ही तुमची प्रार्थना नाही करणार, पण तुमच्यासाठी नक्की करू.’

मला वाटलं, संपलं. दुकान संपलं, मी संपलो. आणि नानासाहेब? भिंतीकडे बघत राहिले, आपल्याच कपाळाकडे. मग भटूला म्हणाले, ‘काढ रे ते.’ आणि गळ्यातला हार काढून सतरंजीवर बसले, भिकुबाईंच्या शेजारी. पाळकसाहेबांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली — प्रभू, यांना शहाणपण दे, खोट्या लोकांपासून राख, आणि खोटं बोलण्यापासूनही राख — तर सगळ्यात मोठं आमेन त्यांचंच! जेवले पोटभर. जाताना चारुलताला म्हणाले, ‘ताई, इतक्या वर्षांत मला सगळे पुढे चला म्हणतात. बसा असं कुणी म्हणालंच नव्हतं.’

हे सगळं गोड, पण भटू काही नानासाहेब नव्हे, आणि सभेला साऊंड कुणाचं ते तोच ठरवतो. दुसऱ्या दिवसापासून एक सभा नाही माझ्याकडे. हे भोंगे बघा, भर निवडणुकीत कसे तोंड पाडून बसलेत. मी चिडलो तिच्यावर, अबोला धरला. ती म्हणे, देव पोसतो आपल्याला. मी म्हटलं, अगं पण देव सभा कुठे घेतो? त्यावर हसली. मला नाही हसू आलं. रात्री आलं थोडं.

म्हणून तुम्ही आलात ते बरंच झालं, भाऊ. तुमच्या साहेबांच्या सगळ्या सभा मला? सगळ्या? आणि मी फक्त स्टेजवर येऊन हे सांगायचं, नानासाहेबांचा माईक कसा... हां. आमच्या लोकांनी त्यांची जिरवली म्हणून. आणि मागे फ्लेक्स. दाखवा की, मोबाईलवर आहे तर. चष्मा कुठे गेला — हां. ‘युवकांचं आशास्थान’, बरं. ‘विकासपुरुष’, चालतंय. ‘साक्षात’... खाली काय? ‘साक्षात परमेश्वर’.

अरे देवा.

चारू! ए चारू! जरा बाहेर ये गं, हे काय म्हणताहेत बघ — चारू? — मेथी आणायला गेली वाटतं.

मग... नाही, भाऊ. अहो, नाही म्हणजे नाही. एकाचा बंद केला म्हणून दुसऱ्याचा चालू करायचा, असं नव्हतं ते. आणि नानासाहेब जेवून गेलेत आमच्याकडे, त्यांची फजिती मी स्टेजवर विकू? नाही, तिला विचारायचं नाही मला. ती घरात नाहीये. हे मीच म्हणतोय.

या आता.