दुधाबरोबरची गोळी

(हिंदी मुलखातल्या आलमबागचं रेल्वे क्वार्टर. भाऊराव, त्यांची बायको चंद्रप्रभा, इथेच वाढलेली मुलगी नेत्रा.)

चंद्रप्रभा : इतके दिवस तुम्ही गोळ्या गिळल्यात, ताप हटत नाही, आणि तो डॉक्टर आता आणखी कडक गोळ्या देतो! टायफॉइड आहे म्हणावं, पडसं नाही.

भाऊराव : सोड नं. खाऊ या नवीन.

चंद्रप्रभा : डॉक्टर कसला, दुकानदार!

नेत्रा : मम्मी, उनको क्यों बोल रही हो? उन्होंने पूछा, गोली किसके साथ लेते हैं. बाबा बोले, पानी.

चंद्रप्रभा : पाणी? मग दोन्ही वेळा पेलाभर दूध कोण पितं? गोळी गरम पडू नये म्हणून साय घालून देते मी!

नेत्रा : वही तो! डॉक्टर बोले, पहले दिन ही समझाया था, दूध-दही के साथ नहीं, दवा लगती ही नहीं. बाबा ने सिर हिलाया और नीचे से मेरा हाथ दबा दिया.

चंद्रप्रभा : वा! म्हणजे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मग रोज दूध का ढोसलंत?

भाऊराव : तू इतक्या मायेनं तापवायचीस...

चंद्रप्रभा : माझं मन मोडायला घाबरलात, टायफॉइडनं आतडं फाटायला नाही?

भाऊराव : मनाला कोण घाबरतं? तोंडाला घाबरलो. एक शब्द काढला असता, तर डॉक्टरपासून माझ्या आईपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला असतास.

चंद्रप्रभा : वर्कशॉपात इंजिनं खोलणारा माणूस, घरात तोंड उघडेना! नेत्रा, सायकल काढ. डॉक्टरांना खरं काय ते सांग. जुनी गोळी चालू ठेवायची की नवी, ते त्यांना ठरवू दे. तोवर नवं पाकीट फोडायचं नाही.

नेत्रा : अच्छा, जाती हूँ.

भाऊराव : आता पाण्याबरोबर घेतो. परवापर्यंत ताप उतरला की चारबाग स्टेशनात नागपूरच्या गाडीत बसवून दे मला.

चंद्रप्रभा : उतरला म्हणून गोळ्या अर्ध्यावर टाकून नागपूरला हिंडणार? सगळ्या संपेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही.

भाऊराव : अगं, आई वाट बघेल. शेजारणी तिला दीक्षाभूमीच्या फाटकाशी आणून सोडतात. तिला दिसत नाही. दर दसऱ्याला हात धरून स्तूपापर्यंत मीच नेतो. एवढ्या गर्दीत तिला कोण नेणार?

चंद्रप्रभा : रेल्वेच्या पासवर माझंही नाव आहे ना?

भाऊराव : आहे. का?

चंद्रप्रभा : मी जाते.

भाऊराव : तू? नेत्राच्या बारशापासून तुम्ही दोघी एकमेकींशी बोलत नाही.

चंद्रप्रभा : बोलायचं कुठे आहे? हातच धरायचा आहे ना?