कुठं निघालात, काका?

जमलेल्या वडीलधाऱ्यांनो, माझ्या भावाबहिणींनो, आणि काकी,

उभी राहिले आहे. चार लोकांसमोर उभं राहायला मला ज्यांनी शिकवलं, त्यांच्यासाठीच आज बोलायचं आहे. जमेल तसं बोलते. सांभाळून घ्या.

मी प्रणाली, आपल्या रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली. मोहनकाकांचं आणि माझं रक्ताचं नातं नाही. कारखान्याच्या भरती विभागातून ते निवृत्त झाले आणि आपल्या मुलांना मुलाखतीसाठी तयार करायला लागले. इथंच, सोसायटीच्या याच हॉलमध्ये. टेबलापलीकडे काका, अलीकडे आपण. "वडील काय करतात?" मी म्हणायचे, "बिझनेस." काका कडाडायचे. "बाप तुझा जाळं टाकतो! मासेमारी करतात म्हण, आणि नीट ऐकू येईल असं म्हण!" येत नसेल तर येत नाही म्हण, थापा मारू नकोस. आणि शेवटी मुलाखत घेणारे म्हणतात, तुम्हाला काही विचारायचं आहे का? तेव्हा मुकाट उठून येऊ नकोस. विचार.

विचार, म्हणायचे. आणि मी नेमकं तेच केलं नाही.

मागच्या आठवड्यात मुंबईला माझी मुलाखत होती. सकाळी एसटी स्टँडवर काका दिसले. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी, चेहरा उतरलेला. दिसला मला तो चेहरा. हो, दिसला! पण आपल्याकडे निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून विचारत नाहीत. होडी असो, एसटी असो, अपशकुन होतो. आईनं लहानपणापासून बजावलंय. त्यात मला माझ्याच कामाची धास्ती. मी विचारलं नाही. काकांनीही सांगितलं नाही.

अलिबागला दोघंही उतरलो. मुंबईची बोट मांडव्याहून सुटते; तिकडची गाडी बघताना मी भलत्याच गाडीत चढायला निघाले. काका म्हणाले, "चल, मांडव्यापर्यंत येतो." वाटभर प्रश्न विचारत राहिले. मध्येच थांबायचे, दम घ्यायचे. मला वाटलं, मला विचार करायला वेळ देताहेत. केवढी मी शहाणी! त्यांनी मला बोटीत बसवलं, जेट्टीवरून हात हलवला. परतीच्या गाडीतच ते गेले.

आणि मी? मी तिकडे साहेबांना विचारत होते, ट्रेनिंग कुठे, काम काय काय असेल. परक्या माणसांना धडाधड प्रश्न. आणि काकांना एक शब्द नाही. तुम्हीच सांगा, कसला शकुन सांभाळला मी?

काल काकींकडे गेले. त्या म्हणाल्या, "अलिबागला डॉक्टरकडं चालले होते गो. छातीत दुखत होता त्यांचे." मग मी त्यांना सगळं सांगितलं, मांडव्यापर्यंतचं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डोळे पुसले आणि मलाच विचारलं, "लागली काय गो नोकरी?"

मी उठले. तशीच पळत घरी आले.

काकी, आता सगळ्यांसमोर सांगते. लागली. फोन आला तेव्हा आधी तुमच्याच दाराकडे धावले होते, काकांना सांगायला. अर्ध्या वाटेत आठवलं.

आपण सगळे उभे राहू या. थोडा वेळ कुणी काही बोलू नका.