पहिल्या आवृत्तीतला खुनी

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबरची वाट बघणाऱ्या शिंपीणबाईंच्या शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं. नवऱ्याच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी, बायकोच्या हातात जुनी रहस्यकथा.

"पान जपून उलट. पहिली आवृत्ती आहे."

"ठाऊक आहे. सुनेलाही हात लावू दिला नव्हतात."

"पुढच्या आवृत्तीत खुनीच बदलला लेखकाने. हिच्यासाठी रद्दीची दुकानं पालथी घातली मी."

"आणि न वाचताच कपाटात ठेवलीत."

"वाचली असती तर शोधायला काय उरलं असतं?"

"आता एकच पान उरलंय. वाचू?"

"आधी डॉक्टर तुला आत काय म्हणाले ते सांग."

"डाव्या डोळ्याची आशा नाही म्हणाले."

"आणि उजव्या?"

"उजव्याने दिसेल. अक्षरंसुद्धा."

"मग मिट पुस्तक. खुनी कोण ते माझं मी बघतो."

शिंपीणबाईंना दुसऱ्यांदा हाक आली, तेव्हा कुठे त्या उठल्या.