सायखेड्याची थंडी

(नाशिक, सिडकोतला फ्लॅट. मार्चातली दुपार. सायखेड्याला सासरी असलेली हर्षाली बॅग घेऊन माहेरी आली आहे आणि आपल्या जुन्या खोलीच्या दाराशी उभी आहे.)

पप्पा : दार नको उघडूस. बॅग इथंच सोफ्यापाशी ठेव.

हर्षाली : माझी खोली आहे ना ही?

मम्मी : तुझीच आहे गं. आत यांची झाडं आहेत फक्त.

पप्पा : फक्त काय? ऑर्किडला कळ्या आल्यात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बाहेरची हवा आत गेली की पिवळ्या पडून गळतील.

हर्षाली : एसी लावलाय आत?

मम्मी : संक्रांत झाल्यापासून. दिवसरात्र चालू. आम्ही दोघं इथं पंख्याखाली झोपतो.

हर्षाली : बारावीला मी याच खोलीत कूलर मागत होते, पप्पा.

पप्पा : ते वेगळं. हे कालिम्पाँगचं, थंड डोंगरातलं झाड आहे. त्याला रात्रीची थंडी मिळाली नाही तर नुसती पानं वाढत राहतात. आपल्या गॅलरीत किती हिवाळे गेले, फुलाचा एक दांडा नाही. भिंती रात्रभर गरम राहतात. यंदा तुझ्या सासरी गच्चीवर ठेवलं, तेव्हा कुठं दांडे फुटले.

हर्षाली : माहीत आहे. पाणी मीच घालत होते.

पप्पा : छान सांभाळलंस. जीवनरावांनाही तेच म्हणालो.

हर्षाली : कधी?

पप्पा : सकाळी फोन होता त्यांचा. किरकोळ कुरबुर झाली म्हणाले. रविवारी न्यायला येतायत.

हर्षाली : तुम्ही काय म्हणालात?

पप्पा : या म्हणालो. आणखी काय म्हणणार जावयाला?

हर्षाली : मी परत जाणार नाहीये. राहायला आलेय मी.

पप्पा : राहा की. दोन-चार दिवस हॉलमध्ये झोप मम्मीजवळ. फुलं उमलू देत, मग बघू.

हर्षाली : मग बघू. दिवाळीत हेच म्हणालात. संक्रांतीला तुम्ही कुंड्या न्यायला आलात, तेव्हा मी बॅग भरून ओट्यावर बसले होते. तेव्हाही हेच.

पप्पा : गाडीत जागा होती का? मागं सगळ्या कुंड्या. दांडे नाजूक, जरा धक्का लागला असता तरी मोडले असते.

हर्षाली : आणि पुढची सीट?

पप्पा : पुढं मोठी कुंडी होती.

हर्षाली : बेल्ट लावून.

मम्मी : अहो, पुरे आता. पोरीला पाणी तरी पिऊ द्या.

पप्पा : पिऊ दे ना, मी कुठं अडवलंय? पण असं उठून संसार सोडून येतात का? माणूस दारू पीत नाही, द्राक्षाची बाग आहे, घर आहे. भांडणं कुठं होत नाहीत?

हर्षाली : भांडण होतच नाही, पप्पा. तो बोलत नाही काही. मला गच्चीवर पाठवतो आणि जिन्याच्या दाराला आतून कडी लावतो.

पप्पा : कडी?

हर्षाली : भाजी खारट झाली, कडी. कॉलेजातल्या मनीषाशी फोनवर हसले, कडी. थंडीतसुद्धा.

पप्पा : मला कधी बोलली नाहीस.

हर्षाली : डिसेंबरात फोन केला होता तुम्हाला. गच्चीवरूनच.

पप्पा : हो, केला होतास. झाडांबद्दल बोललो आपण.

हर्षाली : तुम्ही बोललात. मी म्हणाले, पप्पा, मी गच्चीवर आहे, फार थंडी वाजतेय. तुम्ही विचारलंत, किती असेल? मी म्हणाले, बोटं वळत नाहीत. तुम्ही म्हणालात, वा! मग यंदा दांडे येणार.

पप्पा : मला वाटलं, तू झाडं बघायला वर गेलीयस.

हर्षाली : मध्यरात्री?

पप्पा : झोपेतून उठलो होतो मी. नाही आलं लक्षात.

हर्षाली : पुढचं सांगणारच होते. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, कुंड्यांवर गोणपाट वगैरे टाकू नकोस, चांगली थंडी लागू दे. म्हणून मी त्यांच्यावरचं गोणपाट काढलं आणि अंगावर घेतलं.

पप्पा : संध्या, तुला ठाऊक होतं हे?

मम्मी : संक्रांतीनंतर बोलली मला.

पप्पा : मग मला का नाही सांगितलंस?

मम्मी : सांगितलं की. एसीवाला भिंतीला भोक पाडत होता, तुम्ही इथं दारातच उभे. म्हटलं, अहो, पोरीला बाहेर कोंडतात ती माणसं. तुम्ही म्हणालात, धूळ बसेल, आधी झाडांवर कापड टाक.

पप्पा : मशीनचा आवाज होता गं. ऐकू आलं नसेल.

मम्मी : नसेल आलं. पण मी परत नाही सांगितलं. घोटीला भाचीचं लग्न जमत होतं. म्हटलं, आमची पोर घरी येऊन बसली तर तिकडं लोक काय बोलतील. गेले आणि कापड टाकलं.

हर्षाली : मी निघते. अंबडला मनीषाची खोली आहे, कंपनीजवळ. ती ये म्हणालीय.

मम्मी : कुठं नाही जायचं.

पप्पा : थांब. कुंड्या बाहेर काढतो मी.

हर्षाली : कळ्या गळतील.

पप्पा : गळू देत.

हर्षाली : माझ्यासाठी नका काढू. उद्या ऐकवाल मला, तुझ्यामुळं फुलं गेली म्हणून.

पप्पा : नाही ऐकवणार.

मम्मी : ऐकवाल तुम्ही. मी काय आज ओळखते का तुम्हाला? पण काढा. अगं, तू कशाला हात लावतेस? बस तू. त्यांचं त्यांना उचलू दे.

हर्षाली : जड आहेत त्या.

मम्मी : असू देत जड.

पप्पा : ...झाल्या सगळ्या. एसी बंद केलाय. पलंगावर माती सांडलीय थोडी, मम्मी पुसेल.

मम्मी : तुम्ही पुसा.

पप्पा : बरं, पुसतो. आणि जीवनरावांना फोन करतो, रविवारी येऊ नका म्हणून.

हर्षाली : राव म्हणू नका त्याला.

पप्पा : नाही म्हणत. हर्षा, त्या रात्री तू फोन ठेवलास ना—

हर्षाली : तुम्ही ठेवलात.

पप्पा : मी ठेवला. त्यानंतर किती वेळ होतीस वर?

हर्षाली : सासूबाई पहाटे धारा काढायला उठल्या, तोवर.