मागचा आवाज

ताई : आणि ही कसली वायर?

खटक्या : ठेव ती. जुन्या कॅमेऱ्याची आहे.

ताई : कॅमेरा कुठाय?

खटक्या : तो केव्हाच गेला. वायर चांगली आहे पण.

ताई : या खोक्यात एकोणीस वायरी आहेत, खटक्या. आई गेल्यावर घरात माणूस एक उरलंय. बाबा काय करणार आहेत एकोणीस वायरींचं?

खटक्या : वायर टाकायची नसते गं. टाकली की दुसऱ्याच दिवशी नेमकी तीच लागते.

ताई : सात वर्षांचा असताना रेडिओ उघडून बसला होतास, तेव्हाच आई म्हणाली होती, याला खटक्याच म्हणा. दिसला खटका की दाबला. चाळिशी आली तरी तेच.

खटक्या : त्या रेडिओला परत आवाज आणला होता मी.

ताई : एकाच स्टेशनचा. बरं, पंखा लाव जरा. पात्यांवर धूळ बघ केवढी साचलीय. चार महिने बंदच होता, आईला वारा सोसायचा नाही ना.

खटक्या : रिमोट कुठाय? हा सापडला. बघ, लावला तरी कळत नाही लागलाय ते. आवाज म्हणून नाही. मीच घेऊन दिला होता. पण भिंतीवर चांगलं बटण असताना पंख्याला रिमोट कशाला हवा, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

ताई : मग घेतलास कशाला?

खटक्या : तेव्हा भारी वाटला.

ताई : आणि ही शेगडी? ओलं बोट हिला चालतच नाही. दर वेळी हात पुसा, मग गरम करा.

खटक्या : ती ज्यानं बनवली ना, त्यानं जन्मात स्वयंपाक केलेला नाही. मला विचारशील तर गोल फिरवायच्या बटणाची सर कशाला नाही. न बघता कळतं किती फिरवलं ते. काचेवर बोट घासून काय कळतं?

ताई : लिही की हे इंटरनेटवर. लोक वाचतात म्हणे तुझं.

खटक्या : लिहिलंय. चारशे जणांना आवडलं.

ताई : आणि हा आपोआप फिरणारा झाडू? हाही न्यायचाय का तुला?

खटक्या : तो मात्र चांगला निघाला. फक्त कॉटखाली अडकतो.

ताई : अडकला की आई पडल्या पडल्या काठीनं ढकलायची त्याला. जा बाबा तिकडे, मी अजून आहे इथे, म्हणायची. मला फोनवर सांगून हसायची.

खटक्या : मला नाही कधी सांगितलं.

ताई : तुझा फोन आला की तू विचारणार, अपडेट केलं का. ती काय सांगणार तुला?

खटक्या : बाबा कुठायत?

ताई : गॅलरीत. बसलेत खुर्चीवर.

खटक्या : बोललीस का त्यांच्याशी?

ताई : जेवायला या, म्हटलं.

खटक्या : तीन आठवड्यांत एवढंच?

ताई : काय बोलू? कानाचं मशीन तर काढून ठेवलंय त्यांनी. आणि मनातलं काय ओरडून सांगायचं असतं? उद्या मी निघतेय, खटक्या. त्यांना तुझ्याकडे ने म्हणशील, तर माझ्याच्यानं नाही व्हायचं. आधीच सांगून ठेवते.

खटक्या : त्यांनी केलं गं आईचं. त्यांच्या हातातलं ते पावलं मोजायचं घड्याळ मी दिलंय, आकडे माझ्याकडे येतात. दिवसाला तीन हजार पावलं, घराबाहेर न पडता. ओट्यापासून तिच्या कॉटपर्यंत, कॉटपासून बाथरूमपर्यंत. शेवटच्या महिन्यात तर आकडा दुप्पट झाला. मला वाटलं, घड्याळच बिघडलं.

ताई : केलं, मी कुठे नाही म्हणते. पण त्या दिवशी नाही गेले. वरच्या मजल्यावरच्या बाईंना ऐकू आलं. वरच्या मजल्यावर, खटक्या. आई हाका मारत होती, अहो, पाणी देता का, अहो. त्या बाई जिना उतरून आल्या, बेल वाजवली, तर हे हातात सुरी घेऊन दार उघडतात. भाजी चिरत बसले होते, याच टेबलाशी. तोवर ती स्वतःच उठायला गेली होती. पडली ती परत उठलीच नाही. चार दिवस हॉस्पिटलात काढले आणि गेली.

खटक्या : माहितीये मला सगळं.

ताई : पंधरा पावलांवर होते. मी विचारलं, मशीन होतं ना कानात? होतं, म्हणाले. मग? तर उठून गॅलरीत जाऊन बसले. मला नाही ते माफ करता येत. प्रयत्न केला, नाही येत.

खटक्या : ते मशीन कुठाय आता?

ताई : त्या फळीवर, डबीत. का? त्याच्यावरही मत द्यायचंय का?

खटक्या : दे इकडे. माझं मत विचारशील तर या घरात खरं यंत्र एवढंच. बाकी सगळी माझी हौस. एवढंसं, वाटाण्याएवढं. आणि चालतं फोनवरून. बाबांना ते ॲप जमेना, म्हणून माझ्याच फोनवर घेतलं होतं. त्यांनी सांगायचं आणि मी तिकडे बसून इंटरनेटवरून आवाज कमी-जास्त करायचा.

ताई : मग? फोन काढून काय बघतोयस?

खटक्या : काही नाही.

ताई : तोंड बघ तुझं. काय दिसलं फोनमध्ये?

खटक्या : दिसायचं काय त्यात. मला माहीतच होतं. आई पडल्याचं कळलं तेव्हापासून माहीत आहे. तीन आठवडे हे ॲप उघडायची हिंमत झाली नाही.

ताई : नीट सांग.

खटक्या : आई पडली त्याच्या महिनाभर आधी बाबांचा फोन आला. म्हणाले, मागून पंख्याचा आवाज फार येतो, डोकं उठतं, काही करता येईल का. मी ऑफिसच्या कँटीनमध्ये होतो, एका हातात कप. यात ‘समोर’ नावाचा एक खटका आहे. तो लावला की समोरच्याचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं आणि पाठीमागचं बंद. गर्दीत बसताना लावायचा असतो. मी लावला. विचारलं, आता कसं वाटतंय? बरं वाटतंय, म्हणाले. मी खूष. संध्याकाळी लिहूनसुद्धा टाकलं, की प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला ही सोय मिळायला हवी. आणि तो खटका परत काढायचा राहिला.

ताई : पाठीमागचं सगळं बंद?

खटक्या : सगळं.

ताई : या खुर्चीत बसलं की पाठ कुठे येते?

खटक्या : आईच्या खोलीकडे. बेल ऐकू आली, कारण बाहेरचं दार समोर आहे. आई हाका मारत होती, आणि मी तीनशे किलोमीटरवरून बाबांचे कान झाकून ठेवले होते. शिव्या दे मला, ताई.

ताई : शिव्या देऊन आता काय होणार. तीन आठवडे मी त्या माणसाला जेवायला वाढलं आणि तोंडाकडे बघितलं नाही. आणि तू माझ्या शेजारी बसून जेवत होतास.

खटक्या : भीती वाटली गं.

ताई : कसली?

खटक्या : तू त्यांच्याशी वागतेस तसं माझ्याशी वागशील, याची.

ताई : बोलव त्यांना. मशीन घाल कानात आणि सांग. आत्ताच्या आत्ता.

खटक्या : आधी ते ‘समोर’ काढून टाकतो.

ताई : नको. तसंच राहू दे. मला बघू दे कसं होतं ते.

(बाबा येऊन टेबलाशी बसतात. ताई त्यांच्या पाठीमागे, आतल्या खोलीच्या दारात उभी राहते.)

बाबा : कशाला रे हे परत? ऐकण्यासारखं काय उरलंय आता.

खटक्या : एकदाच घाला, बाबा. येतंय ऐकू?

बाबा : येतंय. ओरडू नकोस.

ताई : बाबा.

खटक्या : आणि आता?

बाबा : आता काय? काही म्हणालास का?

ताई : बाबा, मी मागे आहे.

बाबा : अरे, तुझ्या डोळ्यांत पाणी का आलं? ताई कुठेय? भांडलात का तुम्ही?

खटक्या : आहे ती, इथेच आहे. बाबा, तुम्ही पंख्याच्या आवाजाचं म्हणाला होतात, तेव्हा मी तिकडून मशीनमध्ये बदल केला होता, आठवतं? त्यानं मागचा आवाज बंद होतो. अजूनही बंद आहे. मी विसरलो. आई हाक मारत होती ती तुम्हाला ऐकू येणं शक्यच नव्हतं. चूक माझी आहे, तुमची नाही. इतके दिवस सांगायची छाती झाली नाही.

बाबा : म्हणजे तू हे मनात घेऊन फिरतोयस होय?

खटक्या : तुम्ही काहीतरी बोला मला.

बाबा : वर बघ. तो पंखा कुणी आणला?

खटक्या : मी.

बाबा : आवाज येतो त्याचा?

खटक्या : नाही. म्हणूनच मला वाटलं, मशीन उगाच काहीतरी पकडतंय.

बाबा : आणि तेव्हा तर तो चालूही नव्हता. तिला वारा लागला की शिरशिरी यायची. चार महिने कुणी हात लावला नव्हता त्याला.

खटक्या : मग कसला आवाज यायचा तुम्हाला?

बाबा : ती कण्हायची रे. दिवसभर. झोपेतसुद्धा. औषध दिलं, पाय दाबले, कूस बदलली, तरी कण्हायची. मशीन नव्हतं तेव्हा मला नुसता तिचा चेहरा दिसायचा. तू मशीन दिलंस आणि सगळं ऐकू यायला लागलं. भाजी चिरताना तेवढा अर्धा तास तरी नको, असं वाटायचं. काढून ठेवलं असतं, तर कान मोकळा बघून तिला कळलं असतं. म्हणून तुला फोन केला. तुझ्या आईचं कण्हणं बंद कर, असं मुलाला कसं सांगायचं? पंखा म्हणालो.

खटक्या : म्हणजे मागचं बंद आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं?

बाबा : बंद झालं तसं लगेच कळलं. काय शांत वाटलं म्हणून सांगू. त्या शांत वाटण्याची लाज वाटली, पण परत चालू कर, असं तुला काही म्हणालो नाही.

खटक्या : बाबा, त्या महिन्यात तुमची पावलं दुप्पट झाली होती.

बाबा : होणारच. ऐकू येत नव्हतं, मग उठून बघायला नको? दर दहा मिनिटांनी जाऊन यायचो. त्या दिवशी भाजी जून निघाली, साफ करत बसलो. वीस मिनिटं झाली असतील. तेवढीच.

खटक्या : ताईला का नाही सांगितलंत हे?

बाबा : मशीन होतं का कानात, एवढंच तिनं विचारलं. होतं, म्हटलं. पुढचं सांगायला तोंड होतं का मला? ती माझ्याशी बोलत नाही, ते बरोबरच आहे. तिच्या जागी मी असतो, तर मीही बोललो नसतो.

ताई : काढ ते ‘समोर’, खटक्या.

खटक्या : काढतोय. झालं.

बाबा : हा कसला आवाज?

खटक्या : नळ ठिबकतोय. तो फ्रीज. आणि खाली कुणाची तरी गाडी सुरू होत नाहीये.

बाबा : फार होतंय रे. काढून घे. सवय मोडली.

खटक्या : राहू द्या, बाबा. मागचं नीट येतंय का, तेवढं तपासू. वळून बघू नका हं. ताई, तिथूनच काहीतरी बोल.

ताई : काय बोलू?

खटक्या : काहीही. फार मोठ्यानं नको.

ताई : बाबा, जरा पाणी देता का?

बाबा : आलो.