सूचनावहीतल्या साडेतीन ओळी

बसा मंडळी, पुढे सरकून बसा. पेटीवाले, सूर जरा खाली घ्या. माझा आवाज एरवीही फार वर जात नाही, आज तर मुळीच जाणार नाही.

पूर्वरंगात देवाचं बोलून झालं. आता आख्यान. आधी एक प्रश्न विचारतो. माणूस खोटं बोलला, ते पाप मोठं? की खोटं उघडं पडल्यावर, खरं सांगायची वेळ समोर आलेली असताना तो गप्प बसला — ते मोठं? सांगा! ... नाही ना सुचत? घाई नाही. मला दोन वर्षं लागली!

दरवर्षी मी पुराणातली कथा सांगतो. पुस्तकातली कथा बरी असते हो, तिच्यात आपण नसतो! पण आजची कथा माझी आहे. दोन वर्षांपूर्वी, वैशाखात, मला एक पत्र आलं. निळं आंतरदेशीय, अक्षर किरटं पण नीट. त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. आयुष्य वाचनालयाच्या कपाटांत काढलेला माणूस मी — लोकांची पत्रं लिहून देत आलो — आणि या एका पत्राला चार शब्द लिहिता आले नाहीत.

मंडळी, ऐका! आपल्या सोलापुरात एक मोठं ग्राहक भांडार आहे. नाव घेत नाही. निम्म्या मंडळींच्या चपला बाहेर ज्या पिशव्यांत ठेवल्यात, त्यांवर ते छापलेलंच आहे! त्या भांडारात दूध-दह्याचा लांबलचक फ्रिज. पुढून सताड उघडा, दार नाही. समोर एक बाक. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन, आणि या बाकावर? अहाहा! महाबळेश्वर!

मे महिन्यात दुपारी आमची सभा तिथेच. पंचांग तिथे, राजकारण तिथे, सुनांची गाऱ्हाणीही तिथेच. हसू नका, पहिल्या रांगेतले दोघे-तिघे त्या बाकावरचेच आहेत! मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसायचो. कधी तरी विवेक जागा व्हायचा, मग अर्धा पाव श्रीखंड घ्यायचं.

तर काय झालं — त्या भांडारात यंत्रं सांभाळायला अंबादास येमुल नावाचा मेकॅनिक होता. पस्तिशीचा, कमी बोलणारा. त्यानं व्यवस्थापक बिराजदार साहेबांच्या मागे लागून लागून त्या फ्रिजला काचेची दारं बसवली. साहेब म्हणाले, "एक उन्हाळा देतो अंबादास. गिऱ्हाईक कुरकुरलं, तर दारं काढणार." अंबादास म्हणाला, "चालतंय साहेब. कुणी कुरकुरणार नाही, शब्द दिला."

दारं लागली आणि आमचं महाबळेश्वर बंद! थंडी फ्रिजच्या आत, आम्ही बाहेर. बाकावर घाम. माझा चष्मा सारखा नाकावरून घसरायला लागला, वाचन खुंटलं.

आता खरा माणूस काय म्हणाला असता? "अहो, मला इथे फुकट गारवा मिळत होता, तो गेला." पण असं लिहायला लाज वाटते ना! गल्ल्याजवळ दोरीला सूचनावही बांधलेली होती. मी पेन काढलं आणि साडेतीन ओळी लिहिल्या. सुंदर अक्षरात! 'वयोवृद्ध ग्राहकांच्या अशक्त मनगटांना ही जड दारे उघडणे क्लेशदायक होते. ज्येष्ठांविषयीची ही अनास्था शोभत नाही. दारे तत्काळ काढावीत, ही' — आणि चौथ्या ओळीच्या मध्यावर — 'नम्र विनंती.'

जड? मंडळी, मी एका बोटानं ते दार उघडून श्रीखंड काढत होतो!

पण भाषा भारी होती ना! खाली सतरा जणांनी सह्या केल्या. बिराजदार साहेबांनी ती मोठ्यानं वाचली, म्हणाले, "बुवांनी लिहिलंय म्हणजे बघायलाच नको." लागल्यापासून तीन आठवड्यांत दारं उतरली. आमची सभा परत भरली. मला कुणीतरी पेढा दिला, आणि मी खाल्ला!

मग ते पत्र आलं.

'बुवांना सा. न. दारे जड नाहीत. मी वजनकाट्याचा हूक लावून मोजले आहे, देवघराचे कपाट उघडायला लागते तेवढाच जोर लागतो. तुम्हाला एका बोटाने उघडताना मी पाहिले आहे, राग मानू नये. उघडा फ्रिज म्हणजे उन्हाळ्यात घराची सगळी दारे उघडी टाकून पंखा लावणे. यंत्राला क्षणभर विसावा नाही. वीज कुठून येते? कोळशातून. धूर सगळ्यांच्या डोक्यावर. शिवाय यंत्र असे ताणले की नळ्यांचे सांधे हलतात आणि आतला गॅस गळतो. दर वर्षी नवा भरतात, गळती कुणी शोधत नाही. तो गॅस चिमणीच्या धुरापेक्षा हजारो पटींनी हवा तापवतो. दारांबरोबर मी सांधेही दुरुस्त करणार होतो. पंधरा तारखेला संचालकांची बैठक आहे. तुम्ही खरे काय ते दोन ओळी लिहून दिलेत, तर दारे परत लागतील. नाहीतर भंगारात जातील, आणि माझा शब्दही. एकदा मागच्या बोळात या, दाखवतो. आपला, अंबादास.'

वाचलं. घडी घातली. पुस्तकात ठेवलं. आमच्या हिनं विचारलं, "कुणाचं हो?" म्हटलं, "असंच. यंत्रांचं काहीतरी." ही म्हणाली, "तुम्हाला यंत्रांचं काय कळतं म्हणून तुम्हाला लिहितायत लोक?" मी हसलो. हसण्यावारी नेणं सोपं असतं.

पुढल्या आठवड्यात अंबादास समोरून येताना दिसला. आणि तुमचा हा बुवा — शहात्तर वर्षांचा! — बिस्किटांच्या मांडणीमागे लपला! हो, लपला! सगळ्या चवींची बिस्किटं वाचून काढली, तो जाईपर्यंत.

पंधरा तारखेला मला बैठकीला मुद्दाम बोलावलं. ज्येष्ठांचे प्रतिनिधी म्हणून! अंबादास भिंतीशी उभा, हातात कसलेसे आकडे लिहिलेला कागद. बिराजदार साहेबांनी विचारलं, "बुवा, दारांबद्दल काही म्हणायचंय?" सगळे माझ्याकडे बघतायत. अंबादासही. मी म्हणालो — काय म्हणालो सांगू? — "नाही. छान चाललंय."

तीन शब्द, मंडळी! त्यानं कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. दारं महिन्याभरात भंगारात गेली. अंबादास हुबळीला गेला, कुठल्याशा शीतगृहात. बायकोमुलांना इथेच ठेवून.

इथे कथा संपली असती. पण यंदाच्या मे महिन्यात भांडाराचा पुढचा रस्ता खणलेला होता, म्हणून मी मागच्या बोळातून गेलो. आणि काय सांगू! तोंडावर भट्टी! भिंतीतून यंत्रांचे पंखे गरम वारा ओकत होते. पुढे आम्ही जो गारवा खात होतो, त्याची धग इथे येत होती. त्या वाऱ्यासमोर एक म्हातारी दारात बिड्या वळत बसलेली. सुपातली पानं उडू नयेत म्हणून वर ओलं फडकं.

मी म्हणालो, "आजी, इथे कशा बसता हो?"

"मग कुठं बसू? तुमच्या घरी?" ती म्हणाली. नागम्मा तिचं नाव. "आत अंधार हाय. दोन वर्षाखाली तीन आठवडे लई ब्येस होतं बघा. मशीन मधी मधी बंद पडायचं, दम घ्यायचं. अंबादास म्हनला, आजी, आता असंच राहणार. मग कुनी शाना माणूस वहीत लिवला म्हने, दारं काढा म्हणून. त्याचं काय वाकडं केलतो ओ आमी?"

तेव्हा मी काय म्हणायला हवं होतं? मी म्हणालो, "हं."

हं! पुन्हा तेच! घरी आलो, जेवण गेलं नाही. हिला सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं मी आजारी पडलोय. ऐकून म्हणाली, "दोन वर्षं बिस्किटांच्या मागेच उभे आहात की हो!"

दुसऱ्या दिवशी बिराजदार साहेबांकडे गेलो. म्हटलं, "साहेब, दारं जड नव्हती. मी खोटं लिहिलं." त्यांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, "बुवा, आता काय उपयोग? दारं तर वितळून पण गेली असतील. आणि नव्या शाखेचे फ्रिज मागवायचेत, तेही उघडेच. फाईलीत काय लावलंय माहितेय का? तुमच्या त्या पानाची झेरॉक्स."

ऐकलंत? माझं एक खोटं भिंतीवरच्या वेलीसारखं दुसऱ्या दुकानापर्यंत पोचलं! आता तिथेही मागे बोळ असेल. तिथेही कुणी दारात बसलेलं असेल.

मंगळवारी नव्या शाखेसाठी संचालकांची बैठक आहे. मी वहीत काल खरं लिहून आलो — यावेळी भाषा साधी ठेवली. पण माझ्या एकट्याच्या शब्दाला आता काय किंमत? साहेब म्हणाले तसंच, "सतरा सह्या तशाच आहेत की!"

मंडळी, त्या सतरांपैकी अकरा जण आज इथे बसलेत. मी मोजलेत. माना खाली घालू नका, मी कुणाचं नाव घेणार नाही; माझ्याच नावाचं ओझं मला पुरतंय. तुम्हाला दारं जड वाटली होती का? खरंच? की बुवांचं अक्षर छान होतं म्हणून सही केलीत? आणि ज्यांनी सही केली नाही, त्यांना विचारतो — तुम्ही त्या फ्रिजसमोर उभे राहिलात, तेव्हा या गारव्याची धग कुणाच्या दारात जाते, असं एकदा तरी मनात आलं? माझ्याही आलं नव्हतं. दुकानाचे फ्रिज, दुकानाचे दिवे, दुकानाचा गॅस — आपलं काय, असं वाटतं. पण दुकान चालतं आपल्या सवयीवर. आपण कुरकुरलो, म्हणून दारं गेली. आपण बोललो, तर येतील. मंगळवारपर्यंत वेळ आहे. वहीत माझ्या खाली जागा सोडली आहे.

अंबादासचा पत्ता साहेबांकडूनच घेतला. उत्तर लिहायला बसलो. सहा मसुदे फाडले. उरलं ते एवढं: 'अंबादास, तू बरोबर होतास. मी खोटं लिहिलं आणि मग भ्यालो. तुझ्या कागदावरचे आकडे असतील तर पाठव, मंगळवारी मी वाचून दाखवीन. नसतील तरी मी बोलणार आहे. क्षमा मागत नाही, ती देणं तुझ्यावर लादल्यासारखं होईल.'

आज दुपारी, इथे यायच्या आधी, पोस्टाच्या पेटीपाशी उभा होतो. पत्र अर्धं आत, अर्धं हातात. मनात येत होतं — आता काय उपयोग, तो हसेल, मंगळवारपर्यंत पोचणारही नाही. तेवढ्यात पोस्टमन पेटी उघडायला आला. कुलपाला किल्ली लावता लावता म्हणाला, "काका, द्या इकडं. मी घेतो हातातनंच."

मी म्हणालो, "नको. मीच टाकतो."

आणि टाकलं.