मधोमध ओटा

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून डोळे मिटून बसवलेल्या शिक्षिकेच्या कानांवर शेजारच्या बाकावरच्या नवरा-बायकोचं बोलणं अलगद येत राहिलं.

“स्वयंपाकघरातला ओटा मधोमध घेऊ. चारी बाजूंनी फिरता येईल. तुझीच हौस होती ना?”

“तेव्हा धड दिसत होतं हो. आता मधे काही नको, आपटेन.”

“कोपरे गोल करतो की! सुतार उगाच झालो का?”

“लोकांची घरं सजवलीत. माझी फळी अजून लोंबकळतेच आहे.”

“मार टोमणे. पण ऐक, ओट्याच्या कडेला बोट मावेल एवढी खाच ठेवतो. तिच्यातून बोट फिरवत चालायचं. खाच संपली, की समजायचं पुढे शेगडी आहे.”

“कधी करणार?”

“आज डॉक्टर काय म्हणतात ते बघू. कदाचित...”

“त्यांनी मागच्या वेळीच सांगितलंय. अंधुक का होईना, दिसतंय तोवर करा. मला ते स्वयंपाकघर पाठ करायचंय.”

“बरं. उद्याच लाकूड आणतो.”

कागदावर त्याची पेन्सिल खरखरली.

“रंग कोणता लावू गं?”

“तुमच्या आवडीचा लावा. फक्त मळला, की मला खरं सांगायचं.”